वाऱ्याला पुरेल एवढी उंची

दिवाळीच्या पणत्या अजून ओटीवरून उचललेल्या नसतात आणि आईचा फोन येतो. फोनवर तिचं नमस्कार-चमत्कार असं काही नसतं. "मंजू, वारा सुटलाय," एवढं सांगते आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ठेवून देते. डहाणूला माझं शिवणाचं दुकान आहे. तुळशीचं लग्न लागलं की माणसांचीही लागू लागतात, त्यामुळे या दिवसांत टेबलावर ब्लाउजपिसांचा ढीग असतो आणि प्रत्येकीला तिचं उद्याच हवं असतं. पण वारा सुटला म्हणजे सुटला. मी कात्री ठेवते, शटर ओढते आणि वाणगावची वाट धरते. फोन आईचा असला तरी बोलावणं नानांचं असतं, हे मला ठाऊक असतं.

वाणगाव स्टेशनवरून आमच्या पाड्याकडे निघालं की रिक्षात दोन्ही बाजूंनी कापलेल्या भाताचा वास येतो. थोडा गोड, थोडा ओलसर, आणि त्यात पेंढ्याची धूळ मिसळलेली. मला या वासानं शिंका येतात आणि तरीही मी तो छाती भरून घेते. आता बहुतेकांकडे मळणीचं यंत्र येतं. एका बाजूनं भारा आत जातो, यंत्रातला पंखा फोल उडवून लावतो, दुसऱ्या बाजूनं भात पोत्यात. तासाभरात सगळा कारभार आटोपतो. आमच्याकडेही यंत्रच येतं. फक्त एक लहानशी रास आम्ही बाजूला ठेवतो, हातानं झोडलेली, सुपानं उफणायला. शेजारीपाजारी हसतात. हसू देत. त्या राशीपाशी दरवर्षी मला एकच हंगाम आठवतो, नाना पडले तो.

नाना म्हणजे माझे वडील. तलासरीकडे, वेवजीच्या बाजूला एका शाळेत ते विज्ञान शिकवायचे. आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारी पिशवीत चिकू घेऊन घरी यायचे. वर्गातली अर्धी मुलं घरी गुजराती बोलायची, काही वारली बोलायची, आणि पुस्तकातलं मराठी सगळ्यांनाच सारखं अवघड. मग नानांनी एक युक्ती काढली. पुस्तक मिटायचं आणि वस्तू पाडायच्या. टेबलावर उभं राहून एका हातातून खडू, दुसऱ्या हातातून चप्पल. एका हातातून नाणं, दुसऱ्या हातातून कागदाचा बोळा. दोन्ही एकदम जमिनीला लागले की अख्खा वर्ग ओरडायचा, "पडी गयू!" त्या आरोळीला भाषांतर लागत नसे. गावात त्यांचं नाव पाडमास्तर पडलं आणि नानांना ते पुरस्कारासारखं वाटायचं.

सुट्टीत मी एकदा त्यांच्या वर्गात जाऊन बसले होते. नाना सांगत होते की चंद्रसुद्धा पडतोच आहे, सारखा पडतोय, पण पुढं सरकत सरकत पडतो म्हणून पृथ्वी त्याला चुकत राहते. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, चेहरा अगदी काळजीचा. "सर, ने एक दिवस नाय चुकली तर?" वर्ग हसला. नाना हसले नाहीत. त्यांनी तिला पुढं बोलावलं, सुतळीला दगड बांधून तिच्या हातात दिला आणि डोक्यावर गरागरा फिरवायला लावला. दगड फिरत राहिला. तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली, मग मात्र सगळा वर्ग बाकाखाली लपला.

घरात मात्र नानांचं हे विज्ञान चालत नसे. कारण घरात आई होती.

आई म्हणजे उफणणीत पंचक्रोशीत नाव असलेली बाई. दुपार कलली की समुद्राकडून वारा येतो. आधी ताडाची झापं सळसळतात, मग कुडाच्या फटीतून शीळ वाजते, मग तो आमच्या खळ्यात पोचतो. त्या वेळी आई सूप डोक्याच्या वर धरायची आणि हलक्या हातानं तिरपं करायची. भात सरळ तिच्या पायांशी, फोल चार हात पलीकडे. मध्ये एक झिरझिरीत सोनेरी पडदा तयार व्हायचा. लहानपणी मी त्या पडद्यातून आरपार पळायचे आणि रात्रभर अंग खाजवायचे.

"जड आणि हलकं बरोबरच पडतं, अगं," नाना ओटीवरून सांगायचे.

"मग मी काय वेडी म्हणून उफणतेय?"

"ती हवेची करामत. हवा काढून टाक आणि मग बघ."

"हवा काढून टाकल्यावर बघायला मी कुठं उरणार?"

हे भांडण माझ्या आठवणीत दर हंगामात झालेलं आहे, शब्दही बदललेले नाहीत. मला तर वाटतं की दोघं वर्षभर त्याची वाट बघायची. संसारात काही भांडणं जपून ठेवायची असतात. लोणच्याच्या बरणीसारखी, वर्षातून एकदा उघडायची.

आमच्या घरची एक रीत आहे. नव्या भाताचं पहिलं सूप घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसानं उफणायचं. त्याचं पहिलं सूप झाल्याशिवाय दुसऱ्या कुणी राशीला हात लावायचा नाही. आजोबा गेल्यावर हा मान नानांकडे आला. त्यांना धड उफणता यायचं नाही. सूप असं तिरपं करायचे की अर्धं भात फोलाबरोबर पलीकडे जायचं. आई पदर तोंडाला लावून हसायची, नाना पहिलं सूप संपवून ऐटीत ओटीवर जायचे आणि मग आई खऱ्या कामाला लागायची.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी नानांना निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. शाळा सुटली तरी पाडण्याची हौस सुटली नव्हती, फक्त आता घरचं खळं हा त्यांचा वर्ग झाला होता. दसऱ्याच्या आसपास आई खळं चोपून घ्यायची, शेणानं सारवायची. खळ्याला एका बाजूला अगदी किंचित उतार लागतो, म्हणजे अवेळी सर आलीच तर पाणी साचत नाही. इतर लोक हा उतार डोळ्यांनी बघतात. नाना गोटी सोडून बघायचे. काचेची, हिरवी, कुठल्याशा विद्यार्थ्याकडून कधीतरी जप्त केलेली. मधोमध उकिडवं बसायचं, गोटी ठेवायची, बोट काढायचं. गोटी ज्या वाटेनं जाईल तो उतार.

त्या वर्षी सारवण ओलं होतं. आई ओरडली, "अहो, वाळू तरी द्या!" पण नानांनी गोटी सोडली होती. ती निघाली ती नको त्या दिशेला, गोठ्याकडे, आणि नाना तिच्यामागं धावले. वाकून ती उचलली आणि ओल्या शेणावर पाय सरकला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही, आई सांगते. पोतं ठेवल्यासारखा झाला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन ठरलं. मी दुकान मदतनीस बाईवर सोपवून दवाखान्यात धावले. सलाईन लावायला सिस्टरनं त्यांची मूठ उघडायला लावली तर आत हिरवी गोटी. जन्मभर वस्तू सोडून दाखवणाऱ्या माणसानं पडताना ती तेवढी घट्ट धरून ठेवली होती. सिस्टर हसली. मीही हसले आणि मग बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले. हाड जुळतंय. वॉकर घ्या, उभं राहा, रोज थोडं थोडं चाला. घरी सोडताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "या वयात माणूस वेळेवर उठला नाही तर मग उठतच नाही. खाटेची सवय लागते. ती लागू देऊ नका." मी मान डोलावली. मला वाटलं, आमचे नाना आणि खाटेची सवय? ज्यांना जेवताना एका जागी बसवत नाही ते?

पण नाना उठले नाहीत. खाट माजघरात होती, त्यांनी ती भिंतीकडे तोंड करून घेतली. वॉकर पायथ्याशी उभा. आज नको, उद्या बघू. आज डोकं जड आहे. आज पाऊस येईलसं वाटतंय, हाड ठणकतं. हळूहळू आई त्या वॉकरवर टॉवेल वाळत घालू लागली. पायात ताकद होती. खाटेच्या कडेला बसून ते पाय चांगले हलवायचे. उभं राहायची वेळ आली की मात्र हात माझ्या दंडात रुतायचे आणि चेहरा पांढराफटक पडायचा. हाड जुळत होतं, धीर काही जुळून येत नव्हता.

एका दुपारी मी चिडले. "नाना, लहान पोरं पडतात आणि परत उठून चालतात. तुम्हाला काय झालंय?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग वर्गातल्या आवाजात म्हणाले, "चालणं म्हणजे काय असतं, सांग."

"म्हणजे?"

"पुढं पडायचं, आणि जमीन लागायच्या आत पाय टाकायचा. पुन्हा पुढं पडायचं, पुन्हा पाय टाकायचा. माणूस दर पावलाला पडतच असतो, मंजू. पोरांना हे ठाऊक नसतं म्हणून ती चालतात. मला ठाऊक आहे." आणि मग अगदी हळू, "माझा पाय वेळेवर पडेल याची मला आता खात्री नाही."

मी उठले. मागच्या दारी गेले आणि भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा. माझे वडील ज्या एका गोष्टीवर आयुष्यभर प्रेम करत आले, तीच आता त्यांच्या छातीवर बसली होती. त्यांना खाटेवर तसंच झिजताना बघावं लागणार, या विचारानं मला इतकी धडकी भरली की तशी पुढं कधी भरली नाही.

बाहेर हंगाम थांबत नव्हता. भात कापून झालं, भारे वाळले, झोडणीही झाली. झोडायला लाडकीबाई आल्या होत्या, शेजारच्या पाड्यावरच्या. आईची जुनी मैत्रीण, वर्षानुवर्षं दोघी एकमेकींच्या खळ्यात राबायच्या. खळ्यात रास उभी राहिली. फोलासकट, कचऱ्यासकट, उफणायची वाट बघत. वारा रोज दुपारी यायचा, राशीला वळसा घालून निघून जायचा. आई ढिम्म. संध्याकाळी ताडपत्री घालायची, सकाळी काढायची.

"आई, उफणून टाकू ना," मी म्हटलं. "आभाळ बघितलंस का?"

"पहिलं सूप त्यांचं आहे."

"अगं, पण ते उठत नाहीत!"

"नसतील उठत. रीत मी नाही बदलणार."

तिचा आवाज नानांना ऐकू जाईल एवढा होता. आमच्या माजघराच्या भिंती कुडाच्या आहेत, तिथून सगळंच ऐकू जातं.

दोन-तीन दिवस असेच गेले. पश्चिमेला ढग जमू लागले. दिवाळीनंतरचा पाऊस भाताचा वैरी. एकदा रास भिजली की दाणा काळा पडतो, कोंब फुटतात, वर्षाचं खाणं गेलं. मी रात्री ताडपत्रीच्या कडांवर दगड ठेवत होते आणि मनात आईला बोल लावत होते. नवरा अंथरुणात, भात उघड्यावर, आणि ही बाई रीत सांभाळत बसली आहे. हट्टाला काही औषध असतं का?

दुसऱ्या दिवशी लाडकीबाई सरळ माजघरात शिरल्या. कमरेवर हात ठेवून खाटेपाशी उभ्या राहिल्या. त्यांच्या वारली लोकांत धान्याला कणसरी म्हणतात, ती देवीच.

"मास्तर, कणसरी भायेर उघड्यावर बसलीय. पान्यापावसाची. आन् तुमी घरात झोपलाव?"

"लाडकीबाई, मला उभं राहता येत नाही."

"उभा कोन ऱ्हा सांगतंय? बसून करा. देवीला काय, बसून केला तरी चालतंय."

बसून? बसून करायला नाही म्हणण्याची सबब नानांजवळ नव्हती. आईनं लगेच आतून खुर्ची आणली. बुटकी खुर्ची. तिचे पाय वाळवीनं खाल्ले होते तेव्हा नानांनीच चारही पाय खालून सारखे कापून टाकले होते. आई तिच्यावर बसून वाल सोलायची. त्या खुर्चीत नानांना बसवून लाडकीबाईंनी आणि मी दोन बाजूंनी उचललं. पालखी निघाल्यासारखे आम्ही ओटीवरून खाली उतरलो. नाना दोन्ही हातांनी खुर्चीला धरून, डोळे मिटून. आई मागून वॉकर घेऊन येत होती. मी म्हटलं, तो कशाला? म्हणाली, टॉवेल घालायला लागेल.

खळ्यात आल्यावर नानांनी डोळे उघडले. कित्येक दिवसांनी ते उन्हात आले होते. आधी त्यांनी गोठ्याच्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथं पडले होते तिकडे. मग राशीकडे. मग ताडांकडे. झापं हलू लागली होती.

"आला," आई म्हणाली आणि भरलेलं सूप त्यांच्या हातात दिलं.

नानांनी सूप खांद्यापर्यंत उचललं. त्याहून वर हात जात नव्हते, बरेच दिवस पडून राहिल्यानं दंडातलं बळ गेलं होतं. त्यांनी सूप तिरपं केलं. भात पडलं. फोलही पडला. दोन्ही तिथंच, त्यांच्या पायांशी, एकाच ढिगात. वारा येत होता, माझा पदर उडत होता. पण सूप आणि जमीन यांच्यात अंतरच इतकं थोडं की वाऱ्यानं काही करायच्या आत सगळं खाली पोचलं होतं.

नाना त्या ढिगाकडे बघत राहिले.

आई म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं. जड आणि हलकं बरोबरच पडलं."

लाडकीबाईंनी ते जुनं भांडण कित्येकदा ऐकलं होतं, त्या नानांच्या तोंडाकडे बघू लागल्या. मला हसू आलं, पण नाना हसले नाहीत. त्यांनी पुन्हा सूप भरायला सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी हात ताणून पाहिले, सूप थरथरलं, आणि पुन्हा तेच. पण आता त्यांचा चेहरा मला ओळखू येऊ लागला. टेबलावर उभं राहून खडू आणि चप्पल धरलेला तो चेहरा. कपाळाला आठी, ओठ थोडे पुढं.

"वाऱ्याला वेळच मिळत नाहीये," ते स्वतःशीच पुटपुटले. "उंची कमी आहे."

मग थोड्या वेळानं, कुणाकडेही न बघता, "तो वॉकर इकडं घ्या."

आईनं वॉकर पुढं ठेवला. नाना त्याच्या दांड्या धरून उठू लागले. मी धावत मागं गेले आणि त्यांच्या पाठीला दोन्ही हात लावले. सदऱ्यातून त्यांची बरगडी न् बरगडी लागत होती आणि सगळं अंग कापत होतं. अर्ध्यात थांबले. मला वाटलं, बसणार आता. लाडकीबाई पुटपुटल्या, "उठ रं देवा." हे नानांना उद्देशून होतं की आणखी कुणाला, मला अजून कळलेलं नाही.

आणि मग ते उभे राहिले.

त्यांनी एक हात वॉकरवरून काढला. मग दुसरा. आईनं भरलेलं सूप दिलं. नानांनी ते कपाळाच्या वर उचललं. सूप डगमगलं आणि मी माझे हात त्यांच्या पाठीवर आणखी घट्ट केले, मान त्यांच्या खांद्यावरून पुढं काढली.

"मंजू, बाजूला हो," ते म्हणाले. "वारा अडतोय."

हात काढणं मला फार जड गेलं. पण काढले, आणि एक पाऊल बाजूला झाले. वारा मोकळा आला. नानांनी सूप तिरपं केलं. नेहमीसारखंच वाईट, एकदम जास्त. भात सरळ खाली आलं. फोल मध्येच वळला, तरंगला, उन्हात चमकला आणि पलीकडे उभ्या असलेल्या आईच्या डोक्यावर, खांद्यांवर, उघड्या तोंडात जाऊन पडला. कितीतरी दिवसांनी मी आईला तसं खोकताना आणि हसताना बघितलं. "अहो, किती हो जोरात!" ती ओरडली, आणि डोळे पुसू लागली. फोल गेला होता डोळ्यांत, असं ती आजही म्हणते.

पहिलं सूप झालं. मग सगळ्या राशीवर आम्ही तुटून पडलो, आई, लाडकीबाई आणि मी, आणि अंधार पडायच्या आत भात कणगीत गेलं. पाऊस आलाच नाही. ढग नुसतेच वळून गुजरातकडे निघून गेले.

संध्याकाळी नाना ओटीवर बसले होते. अंगाला खाज सुटली होती आणि ते तक्रार न करता खाजवत होते. आई केसांतला फोल वेचत होती. कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या दोन उंच खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या होत्या, कायमच असतात. नानांची नजर त्यांच्यावर गेली आणि तिथंच राहिली.

"खुर्ची बुटकी होती," ते म्हणाले.

"हो?" आई म्हणाली.

"इथं दोन उंच खुर्च्या आहेत."

"असतील." आईनं केसांतून एक लांबट फोल काढला, निरखून बघितला आणि फुंकर मारून उडवला. "उद्या खळं झाडायचंय. तुम्हाला बसायला कुठली ठेवू? बुटकी की उंच?"

नानांनी हात लांब करून वॉकरवरचा टॉवेल काढला, घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"उद्या खुर्ची नको," ते म्हणाले.